ताईला मानवलं ते मला का मानवेना

डोळे मिटून बसलं की चौथ्या-पाचव्या मिनिटाला माझ्या छातीत धडधडायला लागायचं. कानात एक संथ आवाज सांगत असायचा, 'श्वासाकडे लक्ष द्या. विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या.' विचार यायचे खरे, पण जायचं नाव घ्यायचे नाहीत. श्वासाकडे लक्ष दिलं की तो घशात अडकतोय असं वाटायचं, मग तो मी ओढून घ्यायचे, मग बोटांना मुंग्या यायच्या. वीस मिनिटांचं ते ध्यान मी एकदाही पुरं करू शकले नाही.

ते मला ताईने सांगितलं होतं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिच्या आयुष्यातला एक फार वाईट काळ तिने रोज पहाटे असंच शांत बसून काढला आणि त्यातून ती सावरली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे तिच्या शब्दावर माझा पूर्ण भरवसा होता. अडीच महिने मी ते रेटलं. त्या अडीच महिन्यांत काळजी कमी तर झाली नाहीच, उलट 'इतकं साधं तेही आपल्याला जमत नाही' ही आणखी एक काळजी येऊन बसली. माझ्यासारखे आणखी कितीतरी जण दुसऱ्याला लागू पडलेला उपाय स्वतःवर लादून दमत असतील, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात झाली ती कामाच्या टेबलावर. माझं काम हिशेब तपासण्याचं. हजार नोंदींत एक चुकलेली असेल तर ती सापडेपर्यंत मला उठवत नाही, आणि सापडली की जीव भांड्यात पडतो. वर्षअखेरीच्या गडबडीत एकदा दोन बाजू जुळेनात. तिसऱ्यांदा बेरीज तपासत होते आणि अचानक छाती आवळल्यासारखी झाली. हात गार पडले, ओठांभोवती मुंग्या आल्या आणि 'आता आपलं संपलं' असं इतकं लख्ख वाटलं की शेजारच्या सहकाऱ्याचा हात मी घट्ट धरून ठेवला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं ओसरलंही होतं. ईसीजी व्यवस्थित आला. रक्त तपासलं, थायरॉइडही तपासलं, कारण थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तरी अशीच धडधड, घाम आणि थरथर होते. तेही ठीक निघालं.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेलं नाही. पण तुम्हाला जे झालं ते खरं आहे. 'काहीच नाही' म्हणून सोडून देऊ नका." मग त्यांनी मुंग्यांचं कारण सांगितलं. भीतीने माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटं आणि ओठ बधिरतात, डोकं हलकं होतं. ते जाणवलं की भीती वाढते आणि श्वास आणखी भराभर चालतो. हे ऐकलं तेव्हा मला जेवढं हायसं वाटलं तेवढं पुढच्या अडीच महिन्यांत एकदाही वाटलं नाही. आपल्याला नेमकं कशाने बरं वाटतं याची खूण तिथेच मिळाली होती. मला ती तेव्हा ओळखता आली नाही, इतकंच.

मग ध्यानाचे ते अडीच महिने. दुसऱ्यांदा तसाच झटका आला तेव्हा मी परत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक छोटा फॉर्म भरायला दिला. जीएडी-७ नावाची ही प्रश्नावली रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. गेल्या दोन आठवड्यांत काळजी आवरता आली का, स्वस्थ बसता आलं का, काहीतरी भयंकर होईल अशी धास्ती वाटली का, असे अगदी साधे प्रश्न. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करून घ्यावी असं मानतात. माझे १४ आले. त्यांनी मला समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर औषधाचा विचार करू, असंही सांगितलं. माझ्या ओळखीतल्या एका व्यक्तीला औषधानेच उभं राहता आलं आहे, त्यामुळे त्या वाक्याची मला भीती वाटली नाही. उलट हाताशी आणखी एक दोर आहे असं वाटलं.

मॅडमपुढे मी पहिल्या दिवशी कबुलीजबाब दिल्यासारखं सांगितलं, "मला ध्यान जमत नाही. मी प्रयत्न नीट करत नसेन."

त्या म्हणाल्या, "बसल्यावर वाढतं का? मग त्याला नाव आहे."

१९८३ साली फ्रेडरिक हाइड आणि टॉमस बोर्कोव्हेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी सतत तणावाखाली असलेल्या काही जणांना शरीर सैल सोडण्याचं आणि ध्यानाचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यातल्या काहींची अस्वस्थता त्या सत्रातच वाढली. विश्रांतीमुळेच उफाळणारी चिंता असं त्यांनी तिचं वर्णन केलं. मॅडमनी ते माझ्या भाषेत सांगितलं: ज्याला सतत पहारा द्यायची सवय आहे त्याला 'हत्यार खाली ठेव आणि डोळे मीट' असं म्हटलं तर तो घाबरणारच. बाहेर बघायला काही उरलं नाही की तो आत बघायला लागतो, आणि मग प्रत्येक ठोका, प्रत्येक श्वास संशयास्पद वाटतो. सगळ्यांचं असं होत नाही. ताईसारख्या अनेकांना त्याच शांततेत आराम मिळतो. पण काहींचं होतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

मला रडू आलं. अडीच महिने मी स्वतःला जो बोल लावत होते तो एका वाक्यात गळून पडला.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो पुढच्या सगळ्याचं मूळ ठरला. "शेवटचा असा एक तास कधी गेला, की ज्यात काळजी नव्हती? ती घालवायला तुम्ही काही करत नव्हतात, तरी ती नव्हती?"

मला बराच वेळ आठवेना. मग आठवलं. पडद्याची खालची दुमड उसवली होती, ती मी एका दुपारी हाताने शिवत बसले होते. जुना दोरा आधी काढायला लागतो. सुईचं टोक एकेका टाक्याखाली घालायचं, टाका अलगद वर उचलायचा, कापायचा, दोऱ्याचा तुकडा ओढून घ्यायचा. दोरा निघाला तरी कापडावर भोकांची बारीक रांग उरते. नवा टाका त्याच भोकांतून घालत गेलं तर शिवण सरळ येते. एकदा दोरा ओढला की हात खांद्यापर्यंत लांब जातो, आणि मग परत जवळ येतो. हे मी त्यांना सांगत होते आणि सांगता सांगता माझे हात हवेत तसेच चालत होते.

"आत्ता श्वास कसा चाललाय बघा," मॅडम म्हणाल्या.

संथ चालला होता. दोरा ओढताना मी श्वास सोडत होते, सुई टोचताना घेत होते. दोरा लांब, त्यामुळे श्वास सोडणंही लांब. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. त्यामुळे सोडणं लांबवलं की शरीर आपोआप खाली यायला लागतं. ध्यानातही हेच साधायचं असतं. फरक एवढाच की तिथे मला श्वासाकडे बघायला सांगत होते, आणि बघितलं की तो बिघडायचा. इथे लक्ष सुईच्या टोकावर होतं, श्वास बिचारा आपल्या वाटेने चालला होता.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक सुती कापडाचा चौकोन, सुई आणि दोरा असतो. काही सुंदर शिवायचं नसतं. साधा धावदोरा, एक ओळ झाली की दुसरी. ज्यांचे हात स्वस्थ राहत नाहीत त्यांना मी कळकळीने सांगेन, की शांत बसायला जमत नसेल तर हातांना नेमकं, बारीक, त्याच त्या गतीचं काम द्या. काहींना तेही पुरत नाही, त्यांना अंग घामाघूम व्हावं लागतं. माझा भाचा चिडचिडा झाला की पळून येतो आणि मगच माणसात येतो. त्याला सुई-दोरा दिला तर तो पाच मिनिटांत फेकून देईल.

हे झालं शरीराचं. डोक्याचं काम जास्त अवघड होतं.

'विचारच करू नकोस' हा सल्ला मला जितक्या माणसांनी दिला तितक्यांचे चेहरे मला आठवतात. सगळे प्रेमाने सांगायचे. पण मी हिशेब तपासणारी. मला न जुळलेली रक्कम सोडून घरी जायला सांगितलं तर मी रात्रभर तिचाच विचार करणार. मॅडमना हे ठाऊक होतं. त्यांनी विचार बंद करायला सांगितलं नाही, विचारांना वेळ ठरवून द्यायला सांगितलं. ही युक्तीही त्याच बोर्कोव्हेक यांची, १९८३ सालच्याच एका अभ्यासातली. रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात काळजी आली की ती ओळखायची, त्या अर्ध्या तासावर ढकलायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं.

मी साडेसहा ते सात ही वेळ ठरवली. झोपण्याच्या आधीची वेळ मुद्दाम टाळली. आणि एक वही केली, माझ्या सवयीप्रमाणे रकाने आखून. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात 'काय होईल असं वाटतंय', तिसऱ्यात 'कधीपर्यंत कळेल', आणि चौथा रिकामा, प्रत्यक्षात जे झालं ते नंतर लिहायला. दिवसा काळजी आली की मोबाइलमध्ये चारच शब्द टिपायचे. ते शब्द संध्याकाळी वहीत चढवायचे आणि त्यावर मनसोक्त विचार करायचा.

पहिले चार-पाच दिवस काहीच जमलं नाही. काळजी साडेसहाची वाट बघत थांबेना. सहाव्या दिवशी वरिष्ठांचा निरोप आला, 'उद्या सकाळी जरा बोलू.' एवढंच. एरवी या चार शब्दांवर मी पूर्ण रात्र काढली असती. गेल्या महिन्याच्या कोणत्या फायलीत काय चुकलं असेल, कोणी तक्रार केली असेल, नोकरी जाईल का, गेली तर पुढे काय. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्यासारख्यांना बघूनच कोणीतरी केली असावी. मी टिपून ठेवलं: 'उद्या बोलू. फायलीत चूक.' साडेसहाला वहीत लिहिलं: 'मोठी चूक सापडली आहे, कामावरून काढतील.' तिसऱ्या रकान्यात: 'उद्या सकाळी दहा.' आणि तो रकाना भरताना पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. ही नोंद उघडी राहणार नव्हती, ती उद्या दहा वाजता बंद होणार होती. दुसऱ्या दिवशी चौथ्या रकान्यात मी लिहिलं: 'सुट्टी कधी घेणार ते विचारायचं होतं.'

पाच आठवड्यांनी मॅडमनी मला माझ्याच वहीचं ऑडिट करायला लावलं. ७३ नोंदी होत्या. त्यांतल्या ६ खऱ्या झाल्या होत्या, आणि त्या सहांपैकी चार मी धरून चालले होते त्यापेक्षा पुष्कळ सौम्य निघाल्या. मग त्यांनी सांगितलं की असाच अभ्यास झालेला आहे. लुकास लाफ्रेनिएर आणि मिशेल न्यूमन यांनी २०२० साली तो प्रसिद्ध केला. सततच्या चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या लिहून काढल्या आणि पुढे काय झालं ते तपासलं. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. मला तो आकडा आधी सांगितला असता तर मी म्हटलं असतं, 'माझी त्या उरलेल्या ९ टक्क्यांत असेल.' स्वतःच्या हस्ताक्षरातले आकडे नाकारता येईनात.

ताईला मी ती वही मोठ्या उत्साहाने दाखवली. तिने दोन पानं उलटली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "मला नको गं. हे सगळं लिहून काढायचं म्हणजे मला ते दुसऱ्यांदा भोगायला लागेल." तेव्हा मला किंचित वाईट वाटलं. पण ध्यानाच्या बाबतीत मी तिला जे सांगू शकले नव्हते, तेच ती मला आता सांगत होती.

याच काळात कामावर मला मोठ्या बैठकीत अहवाल मांडायचा होता. 'सगळं छान होईल, सकारात्मक विचार कर,' असं जो तो सांगत होता, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा मोठा होत होता. मॅडमनी विचारलं, "तुम्ही एरवी अशा वेळी काय करता?" मी म्हटलं, काय काय बिघडू शकेल ते सगळं मनात आणते आणि एकेकाची तयारी करते. "मग तेच करा," त्या म्हणाल्या. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ साली अशा माणसांवर अभ्यास केला होता. जी माणसं आधी वाईटात वाईट काय होईल ते बघून घेतात आणि त्याप्रमाणे तयारी करतात, त्यांची कामगिरी इतरांच्या बरोबरीची असते. पण त्यांना 'तुझं चांगलंच होणार' असा दिलासा दिला की ती बिघडते. त्यांच्यासाठी ती धास्ती म्हणजे तयारीची पहिली पायरी असते. ती पायरी काढून घेतली की त्यांना चढताच येत नाही.

मी यादी केली. प्रोजेक्टर बंद पडेल: छापील प्रती जवळ. आवाज कापेल: पहिली तीन वाक्यं पाठ. न येणारा प्रश्न विचारतील: 'तपासून उद्या कळवते' हे वाक्य तयार. यादी संपली आणि मी झोपले. आदल्या रात्री झोप लागणं हीच माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती. आवाज कापलाच, पण पाठ केलेल्या तीन वाक्यांनंतर तो थांबला.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की आपल्या स्वभावाला आवडेल ते करत राहिलं की झालं. मलाही तसं वाटलं होतं आणि तिथेच मी फसले.

मला माहिती मिळाली की बरं वाटतं हे एकदा कळल्यावर मी माहिती मिळवायचा सपाटा लावला. पायात गोळा आला, शोध. पापणी फडफडली, शोध. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर एका आजारातून दुसऱ्यात. प्रत्येक उत्तराने दोन मिनिटं बरं वाटायचं आणि मग त्या उत्तरातूनच तीन नवे प्रश्न निघायचे. मॅडमना मी अभिमानाने सांगितलं, की मी आता माझ्या स्वभावाप्रमाणे वागते. त्या पहिल्यांदाच जरा कडक बोलल्या. "स्वभावाला मानवणं वेगळं आणि स्वभावाला सोयीचं पडणं वेगळं. आज हे केल्याने उद्याचं काम सोपं झालं, की नुसती आजची भीती तासाभरापुरती गप्प बसली?"

हा प्रश्न मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. कारण चिंता फार हुशार असते, ती आपल्याच स्वभावाचे कपडे घालून येते. माझ्याकडे ती 'अजून थोडं बघून घे' असं म्हणत येते. बोलक्या माणसाकडे 'अजून एकाला फोन कर' असं म्हणत येते. माझी एक मैत्रीण तशी आहे. ती मन मोकळं करते आणि हलकी होते, पण तोच विषय पाचव्या माणसाशी बोलायला लागली की आवाज चढतो आणि पहिल्यापेक्षा जास्त कासावीस होते. आणि शांत माणसाकडे चिंता 'जाऊ दे, आत्ता नको' असं म्हणत येते.

म्हणून मी माझ्या माहितीच्या ओढीला कुंपण घातलं. प्रश्न वहीत लिहायचा, शोध फक्त साडेसहा ते सातमध्ये, शरीराबद्दलचा असेल तर तीन प्रश्न होईपर्यंत थांबायचं आणि ते डॉक्टरांनाच विचारायचे. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिले दहा दिवस फार जड गेले, हे लपवत नाही. हात अंधारात उशाशी चाचपायचे. त्याच सुमारास दुपारनंतरची कॉफीही बंद केली. तिच्यातल्या कॅफीनचा निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि त्यातली धडधड मी भीतीच्या नावावर जमा करत होते.

आठव्या आठवड्यात त्या फॉर्मवर माझे ९ गुण आले. पाचव्या महिन्यात ६. औषधाची गरज पडली नाही. पडली असती तर मी घेतलं असतं.

आणि मग ताईच्या गळ्याला गाठ लागली.

तिने मला सांगितलं तेव्हा ती लागून दोन महिने झाले होते. "दुखत नाही, म्हणून बघितलं नाही," ती म्हणाली. शांत, नेहमीसारखी. मी तिला ओळखते. पहाटेची तिची बैठक या दोन महिन्यांत वीस मिनिटांवरून तासावर गेली होती. ज्या शांततेने तिला एकदा तारलं होतं, तीच आता तिला दवाखान्यात जाण्यापासून अडवत होती.

मला त्या रात्री पहिली ऊर्मी आली ती सगळं वाचून काढून तिच्यापुढे ठेवण्याची. पूर्वी मी तेच केलं असतं, आणि ती आणखी आत गेली असती. मॅडमनी एकदा सुझन मिलर आणि चार्ल्स मँगन यांच्या १९८३ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आलेल्या बायकांत दोन स्वभाव असतात: काही जणींना आधी सगळं जाणून घ्यायचं असतं, काही जणी त्यावरून मन दुसरीकडे वळवतात. काहींना भरपूर माहिती दिली, काहींना अगदी थोडी. जिचा जसा स्वभाव तशी माहिती मिळाली, तिच्या शरीरावरचा ताण कमी राहिला. जाणून घेणारीला अंधारात ठेवणं जितकं त्रासाचं, तितकंच मन वळवणारीवर माहितीचा मारा करणं.

मी ताईकडे गेले. तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "ताई, तुला यातलं काही ऐकायचं नाही, हे मला कळतं. मी काही सांगणार नाही. जाणून घ्यायचं काम माझं. तू फक्त यायचं काम कर."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार. पण काही तातडीचं असेल तर लगेच सांगेन. तेवढं मला हवंय."

"बरं. तेवढं."

गाठ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची होती. अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात, कर्करोगाच्या थोड्या असतात, हे मी वाचलं आणि माझ्यापाशी ठेवलं. आधी सोनोग्राफी झाली, मग बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून घ्यायच्या ठरल्या. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न मी वहीत लिहून नेले. सुई किती जाड, किती वेळ, भूल देतात का, हे मला माहीत होतं. ताईने त्यातलं काही विचारलं नाही. बाहेर बाकावर ती डोळे मिटून बसली, तळहात मांडीवर उताणे. मी पिशवीतून कापड काढलं आणि टाके घालायला लागले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती डोळे मिटूनच माझ्या दोऱ्याचा आवाज ऐकते आहे. कापडातून दोरा सरकताना एक अगदी हलकी सरसर होते. मी थांबले तर तिने डोळे न उघडता विचारलं, "का गं थांबलीस?"

"दोरा संपला."

"मग ओव की दुसरा."

सुई ओवताना माझा हात कापत होता. दोनदा चुकलं. तिने डोळे उघडले, सुई माझ्या हातातून घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवून मला परत दिली. मग पुन्हा डोळे मिटले.

गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, दर वर्षी एकदा सोनोग्राफी करून बघायची, वाढते का ते.

यंदाची सोनोग्राफी गेल्या आठवड्यात झाली. रिपोर्ट माझ्याकडे आहे. आला त्या दिवशी मी तो साडेसहापर्यंत कपाटात ठेवला, मग वाचला, वहीत दोन प्रश्न लिहिले आणि सातला वही मिटली. तातडीचं काही नाही. रात्री ताईचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलली, भाच्याच्या परीक्षेचं बोलली, रिपोर्टचं काही विचारलं नाही. ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

"साडेनऊला," मी म्हटलं.

"दोरा घेऊन ये," ती म्हणाली.